उषा भिरूडवर पंधरा मिनिटं

मी पंधरा मिनिटं मागितली होती. त्याहून जास्त काही नाही. धुळ्याच्या एका महाविद्यालयात ‘खानदेशची भाषा आणि माध्यमे’ असं एकदिवसीय चर्चासत्र होतं आणि तिथे मला एक निबंध वाचायचा होता. विषय होता, ‘दूरचित्रवाणीवरील विनोदी अभिनेत्री व निर्मात्या उषा भिरूड : कारकीर्द आणि प्रभाव’. मी, रूपाली झोपे, जळगावात कनिष्ठ महाविद्यालयात तेवीस वर्षं मराठी शिकवते. या तेवीस वर्षांत मी कुणाकडे काही मागितलेलं नाही, फक्त एकदा वर्गासाठी पंखा मागितला होता. तो मिळाला नाही, पण तो विषय वेगळा.

उषा भिरूड कोण, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. नशिराबादची मुलगी. मुंबईला गेली आणि अकरा वर्षं तिने मालिकांमधून मोलकरणीचं काम केलं. माझ्या नोंदींप्रमाणे एकोणीस मालिका आणि एकोणीस मोलकरणी. त्यांतल्या सात जणींना नावसुद्धा नव्हतं. मालकीण पुण्याचं बोलायची, मालक मुंबईचं बोलायचा, आणि उषाबाई ‘मले काय माहीत, बाई’ असं म्हणत ओल्या फरशीवरून घसरायच्या. लोक हसायचे. घसरण्याला हसायचे की ‘मले’ला, हे कुणी विचारलं नाही.

विसावी मोलकरीण चालून आली तेव्हा बाईंनी दिग्दर्शकाला विचारलं, की एखादी मालकीण माझ्यासारखी बोलली तर काय होईल? तो म्हणाला, लोकांना पटणार नाही. मग बाईंनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. नाव ठेवलं ‘पिलबाग’. केळीचा घड उतरवल्यावर बुंध्याजवळच्या पिलापासून जी पुढची बाग धरतात ती पिलबाग. मुंबईत पुष्कळांना ती बालवाडी वाटली आणि काही पालकांनी प्रवेशासाठी फोनही केले, असं बाईंनी एका मुलाखतीत सांगितलंय.

त्या संस्थेची पहिली मालिका ‘अक्काले विचारा’. आठवड्याला एक भाग, अशी चार वर्षं चालली. अक्का ही केळीच्या व्यापाऱ्याची बायको. गावातला एकेक पुरुष तिला अक्कल शिकवायला येतो आणि स्वतः शिकून जातो. अक्का आमचं, म्हणजे जळगावच्या पूर्वेकडचं बोलते. तिची सासू धुळ्याकडची, ती अहिराणी बोलते. शुद्ध मराठी बोलतो तो फक्त त्यांच्या घरातला नोकर.

हे सगळं, आणि वर थोडं विवेचन, पंधरा मिनिटांत बसत होतं. मी घड्याळ लावून तीनदा वाचून पाहिलं होतं.

चर्चासत्राचे समन्वयक होते डॉ. शालिग्राम बोरसे. त्यांचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते.

“मॅडम, विषय बदला,” ते म्हणाले.

“का, सर?”

“चर्चासत्र गंभीर आहे.”

“मीही गंभीर आहे.”

“तुम्ही आहात हो. बाई विनोदी आहे ना.” मग त्यांनी आवाज मऊ केला. “शिवाय संदर्भग्रंथ कुठला देणार? तिच्यावर एक तरी पुस्तक आहे का?”

“नाही. म्हणूनच निबंध लिहिला.”

“पुस्तक नाही म्हणजे विषय नाही, मॅडम. त्यापेक्षा ‘ओव्यांतील अलंकार’ घ्या. गेल्या वर्षीचा एक निबंध माझ्याकडे आहे. तो समोर ठेवलात तर दोन तासांत काम होईल.”

मी म्हटलं, “सर, नकार लेखी द्या.”

माझा नवरा जितेंद्र पाटबंधारे खात्यात आहे. तो शेजारी बसून मान जोरजोरात हलवत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, “लेखी कशाला मागितलंस? लेखी मागितलं की समोरचा माणूस विचार करायला लागतो.” आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्याचा एवढा एकच सल्ला मी मानायला हवा होता.

आठ दिवसांनी पत्र आलं. त्यात तीन मुद्दे होते. एक, विषय विद्वत्तापूर्ण नाही. दोन, सदर अभिनेत्रीची भाषा प्रमाण नाही. तीन, सदर अभिनेत्री खानदेशातील असल्याचा अधिकृत पुरावा जोडलेला नाही.

पहिला मुद्दा मी सोडून दिला असता. तिसऱ्याचं हसू आलं. दुसरा मात्र जिव्हारी लागला, आणि तो का लागला हे मी तेव्हा जितेंद्रलासुद्धा सांगितलं नाही. सतराव्या वर्षी मी पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी ‘मले पाणी पाहिजे’ म्हणाले होते. पुढचं वर्षभर तिथल्या मुली मला ‘मले’ या नावाने हाक मारत होत्या. मी आरशासमोर उभी राहून ‘मला, मला, मला’ असं घोटलं. इतकं घोटलं की पुढे त्याच विषयाची शिक्षिका झाले. बोरसेसरांच्या पत्राकडे पाहताना मला मुलांचं ‘मले’ खोडणारा माझाच लाल पेन आठवत होता, आणि म्हणून राग जास्त आला.

आमच्या इमारतीत बातमी पसरायला पत्र लागत नाही, जिना पुरतो. सोसायटीचे सचिव हितेंद्रभाऊ त्याच दिवशी वर आले. त्यांचं म्हणणं, मी महाविद्यालयाच्या दारात उपोषणाला बसावं. “एक दिवसाचं, वहिनी. सकाळी नाश्ता करून बसायचं. मंडपवाला आपल्या ओळखीचा आहे.” तळमजल्यावरच्या ज्योत्स्नाताई अधिक व्यवहारी. त्या म्हणाल्या, “विषयाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ असं लावा. माझ्या भाच्याने शेळीपालनाच्या पुढे लावलं होतं, तो आज डॉक्टर आहे.”

मी लाजलज्जा सोडून ते लावलं. ‘उषा भिरूड : कारकीर्द आणि प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास’. सोबत उषाबाईंच्या जन्माचा दाखला जोडते, असंही कळवून टाकलं. दाखला माझ्याकडे नव्हता. पण तीनपैकी त्या एकाच मुद्द्यावर सरकारी शिक्का बसणार होता, म्हणून मी त्याच्या मागे लागले.

नशिराबाद माझंही माहेर. आई, भागाबाई, तिथेच राहते, एकटी आणि आपल्या मर्जीने. मी तिला म्हटलं, दाखल्याच्या कचेरीत जायचंय, तू फक्त सोबत चल. ती चप्पल घालून माझ्याआधी रस्त्यावर उभी.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला. “जन्माचा दाखला नात्यातल्या माणसालाच मिळतो. तुम्ही त्यांच्या कोण?”

मी म्हटलं, “अभ्यासक.”

त्याने छापील यादीवरून बोट फिरवलं. आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, इतर. “अभ्यासक नाही यात.”

तेवढ्यात आई पुढे झाली. “मी हाये नात्यातली. तिच्या आजीच्या आन् माह्या सासूच्या वावरात एकच विहीर होती. मधातून धुनं धुवाची फरशीबी एकच.”

कारकुनाने बराच विचार केला आणि ‘इतर’वर खूण केली. मला वाटतं, त्या रकान्याचं आजवरच्या इतिहासात पहिल्यांदाच सार्थक झालं असावं.

पण दाखला हाती आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. तारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, आईचं नाव बरोबर, गाव नशिराबाद. बाळाच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘स्त्री अपत्य’. बारसं होण्याआधी नोंद झालेली, आणि नंतर नाव घालायला कुणी आलं नाही. घराघरांत जिचं नाव माहीत, तिला गावच्या वहीत नाव नव्हतं. अकरा वर्षांत सात बिननावाच्या मोलकरणी केल्या, त्याची सुरुवात इतक्या लवकर झाली होती हे मला ठाऊक नव्हतं. हे वाक्य मी निबंधात घातलं. त्यामुळे निबंध सोळा मिनिटांचा झाला.

दाखला मी बोरसेसरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की यावरून नशिराबादेत एक मुलगी जन्मली एवढंच सिद्ध होतं.

मग मी त्यांना अख्खा निबंध आणि मालिकेचे भाग पाठवले. पत्रात लिहिलं, ‘आपण भाषा प्रमाण नाही असं म्हटलं आहे. आपण ती ऐकली आहे का, हे कळवावं.’ आमच्यासारख्या माणसांच्या भांडणात याहून जहाल वाक्य लिहिता येत नाही. पत्र टाकून आल्यावर मला फार बरं वाटत होतं.

त्यानंतर तीन आठवडे शांतता. हितेंद्रभाऊंनी उपोषणाचा फलक रंगवूनही आणला. त्यात माझं आडनाव ‘झोपे’ एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की उपोषण आहे की झोपेची शिफारस, हे कळत नव्हतं. मी तो कपाटामागे ठेवला.

मग एके दिवशी दुपारी बोरसेसरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. “मॅडम, मी चारही वर्षांचे भाग पाहिले.”

“सगळे?”

“सगळे. चुकांची यादी करायला बसलो होतो.” मग म्हणाले, “ती सासू आहे ना, अक्काची. माझी आई अगदी तशी बोलायची.”

अशा वेळी काय बोलायचं, हे कुठल्याच व्याकरणात नाही. “विषय मंजूर आहे,” ते म्हणाले, आणि फोन बंद झाला. मी खालपर्यंत जाऊन ज्योत्स्नाताईंना सांगून आले. जितेंद्रने पेढे आणले.

चार दिवसांनी कार्यक्रमपत्रिका आली. बीजभाषण : डॉ. शालिग्राम बोरसे. विषय : ‘उषा भिरूड : अहिराणीची लेक’. निबंधवाचकांच्या यादीत नऊ नावं होती. त्यात ‘ओव्यांतील अलंकार’ दोनदा होता. मी नव्हते.

मी फोन केला. बोरसेसर म्हणाले, “तुम्हीच म्हणालात ना, विषय महत्त्वाचा आहे. मग तो बीजभाषणातच घ्यायला हवा. तुमच्या टिपणांचा उपयोग झाला, मॅडम. मी आभार मानणार आहे.”

“सर, ती अहिराणीची लेक नाही. अक्का आमची बोली बोलते. सासू अहिराणी बोलते.”

“‘अक्काले’ म्हणतात ना? ‘ले’ आमचा.”

“‘ले’ आमचाही आहे.”

“हे तुम्ही चर्चेत मांडा,” ते म्हणाले. “प्रश्नोत्तराला वेळ ठेवलाय.”

जितेंद्र म्हणाला, “जाऊ नकोस. कशाला मनस्ताप.” तो वाईट माणूस नाही. पाटबंधारे खात्यात माणूस पाणी सोडायला शिकतो, हट्ट सोडायलाही शिकतो. मी म्हटलं, मी जाणार. एस.टी.ने जाणार, मागच्या रांगेत बसणार, आणि त्यांना माझ्या तोंडाकडे बघत माझी वाक्यं वाचावी लागतील.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मीबी येते.” आई येणार म्हणून जितेंद्र येणार. जितेंद्र येणार हे कळल्यावर हितेंद्रभाऊ म्हणाले, मग एस.टी. कशाला, क्रूझर करू. क्रूझरमध्ये जागा उरते म्हणून ज्योत्स्नाताई, त्यांच्या जाऊबाई, जाऊबाईंची बहीण आणि हितेंद्रभाऊंचे दोन मित्र. एका माणसाचा निषेध निघाला होता, त्याची नऊ माणसांची सहल झाली. वाटेत खायला भरीत, पुऱ्या आणि कांद्याची पात. भरताचा डबा माझ्या मांडीवर, निबंधाच्या फाइलवर.

एरंडोलच्या अलीकडे ज्योत्स्नाताईंच्या जाऊबाई म्हणाल्या, इतक्या जवळ आलोय तर पद्मालयाच्या गणपतीला नमस्कार करून जाऊ, कामाला यश येईल. मी घड्याळ दाखवलं. बाकी आठ जणांनी गणपतीच्या बाजूने मत दिलं. तिथे तळ्याच्या काठी कमळं पाहण्यात आणि हितेंद्रभाऊंचे फोटो काढण्यात पाऊण तास गेला. पारोळ्याच्या पुढे क्रूझरचं चाक पंक्चर झालं. डिकीतलं जादा चाक काढलं, तर तेही आधीच पंक्चर होतं. चालक म्हणाला, ते दुरुस्तीला न्यायचं म्हणूनच गाडीत ठेवलं होतं. आम्ही धुळ्याला पोहोचलो तेव्हा उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि अलंकारांपैकी एक अलंकार होऊन गेला होता. बीजभाषण मात्र पाहुणे उशिरा आल्यामुळे मागे पडलं होतं. जाऊबाईंनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं.

दाराशी नोंदणीच्या टेबलावर एक शिपाई बसले होते. “कोन शेतस तुम्ही? बठ्ठा लोके ईसन बसेल शेतस.” सगळे लोक येऊन बसलेत आणि तुम्ही आत्ता कुठे, असा त्यांचा रोख. टेबलावर तीन प्रकारचे बिल्ले होते : निमंत्रित, निबंधवाचक आणि श्रोता. आम्हाला नऊ श्रोते मिळाले. आईने बिल्ला हातात घेऊन मला विचारलं, “हे काय लिहेल हाये?” मी म्हटलं, “ऐकणारी.” तिने तो पदराला लावला, उलटा.

बोरसेसर बोलायला उभे राहिले. उंच, सडपातळ माणूस, कोट जरा मोठा. अतिशय शुद्ध मराठीत त्यांनी सांगितलं, की उषा भिरूड ही अहिराणीच्या मातीची निर्मिती आहे. मग ते म्हणाले, “एकोणीस मालिका. एकोणीस मोलकरणी.” आणि थांबले. तो थांबासुद्धा माझा होता. मी निबंधात तिथे नवा परिच्छेद केला होता. “त्यांतल्या सात जणींना नावसुद्धा नव्हतं,” ते म्हणाले, आणि हितेंद्रभाऊंनी भारावून टाळी वाजवली. मी वळून पाहिलं. त्यांनी ती टाळी डास मारल्यासारखी संपवली.

चाळीस मिनिटं माझीच वाक्यं माझ्याकडे येत होती, फक्त प्रत्येक ठिकाणी ‘पूर्वेकडची बोली’च्या जागी ‘अहिराणी’. स्वतःच्या साड्या दुसऱ्या बाईच्या अंगावर पाहिल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्यांनी ‘जळगावच्या एका भगिनींचे’ आभार मानले.

अध्यक्ष म्हणाले, “कुणाला प्रश्न असतील तर विचारावेत. फक्त प्रश्न. भाषण नको.”

मी उठले. माइकपर्यंत गेले. फाइल उघडली, तिच्यावर भरताच्या तेलाचा गोल डाग पडला होता.

“माझा प्रश्न जरा लांब आहे,” मी म्हटलं.

आणि मी निबंध वाचायला सुरुवात केली, शीर्षकासकट. पहिला परिच्छेद संपला तिथे म्हटलं, “असं नाही का?” अध्यक्षांनी मान वर केली. दुसरा परिच्छेद संपला, “हे खरं नव्हे का?” तिसऱ्याला सभागृहातल्या मुलांना युक्ती कळली आणि मागच्या बाकांवरून हसू यायला लागलं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की सर, प्रश्नचिन्ह यायचंय अजून. ते मराठीचे प्राध्यापक. वाक्य पुरं होऊ देणं त्यांना भाग होतं. मी लांब वाक्यं निवडली.

सहाव्या मिनिटाला कुणीतरी माइक बंद केला. तेवीस वर्षं मी पंख्याशिवायच्या वर्गात नव्वद मुलांना मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं शिकवलंय. माइक बंद झाल्याचं मला उशिराच कळलं.

अक्का आणि सासू यांच्या दोन बोली मी उदाहरणांसह वेगळ्या करून दाखवल्या. अक्काचं ‘जाऊ राह्यली’, सासूचं ‘जाई राहिनी’. बोरसेसर वहीत लिहून घेत होते. मग ‘प्रभाव’ हा भाग आला. पुण्यात शिकणाऱ्या मुली आता वसतिगृहात आपलं बोलणं लपवत नाहीत, असं माझी विद्यार्थिनी ऋतिका हिने मला लिहून दिलं होतं, ते वाचलं. पुढचा परिच्छेद होता, ‘एका शिक्षिकेने आपल्या आईला…’ निबंधात ‘मी’ लिहायचं नसतं, म्हणून तसं लिहिलं होतं. ते वाक्य मी घरी तीनदा न अडखळता वाचलं होतं. तिथे मात्र आई तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती. मी ‘आईला’ म्हणाले आणि पुढचा शब्द निघेना. सगळं सभागृह वाट बघत होतं. अध्यक्षांचा हात घंटीवर गेला.

आई उठून उभी राहिली.

“मी सांगते,” ती म्हणाली.

तिला कुणी थांबवलं नाही. थांबवायचं कसं, हे कुणाला सुचलं नसावं.

“हे माही पोरगी. हिनं घर घेतलं तव्हा हिचे साहेब आलते जेवाले. हे मले म्हने, माय, तू जास्त बोलू नको. हिचं काही चुकलं नाही, हिले लोक हसेल होते. मी नाही बोलली. मग हिच्या घरी कोनीबी आलं का मी आत जाऊन बसू. सा वर्सं. मंग हे अक्का आली टीव्हीवर. माह्यासारखी बोले, आन् सारे तिचं ऐकत. मी म्हनलं, हिचं ऐकतेत तं माहं काबरं नाही? त्या दिवसापासून मी आत गेली नाही.”

मी फाइल छातीशी धरून उभी होते. तेवीस वर्षं शिकवणारी बाई, आणि बसायचं की उभं राहायचं हे मला ठरवता येईना.

आई बोरसेसरांकडे वळली. “आता हे सर म्हन्तेत, अक्का आमची. घ्या, तुमची. आमचं काही जात नाही. पन तुम्ही तिच्याबद्दल असं बोलू राह्यले, जशी तुमचीबी माय आत बसेल हाये.”

बोरसेसरांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला, मग पुन्हा घातला. त्यांना उत्तर द्यायची गरज नव्हती. तो प्रश्न नव्हता, आणि अध्यक्षांनी तसं म्हटलंही असतं. पण ते उठले, आणि माझ्या कानांवर विश्वास बसेना अशा आवाजात म्हणाले, “मनी मायबी मझारच बसे, अक्का.” माझीही आई आतच बसायची. मग खाली बसून त्यांनी पाण्याचा अख्खा पेला संपवला.

मी निबंध पुरा केला. शेवटचं वाक्य वाचून म्हटलं, “तर मग विनोदी बाई हा गंभीर विषय नाही का?” आणि जागेवर येऊन बसले. जितेंद्रने घड्याळ पाहिलं होतं. सतरा मिनिटं. “पाणी सुटलं की सुटलं,” तो हळूच म्हणाला. माझ्या मते ही त्याने केलेली माझी सर्वांत मोठी स्तुती आहे.

यानंतर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. जेवणाच्या वेळी बोरसेसर ताट घेऊन आमच्याकडे आले, आमचं भरीत त्यांनी दोनदा घेतलं, आणि म्हणाले की निबंध चर्चासत्राच्या पुस्तकात छापू. मी म्हटलं, छापा, पण ‘अहिराणीची लेक’ खोडा. ते म्हणाले, मग काय लिहू? मी म्हटलं, सून लिहा. सासू तुमची, मान्य आहे. ते म्हणाले, विचार करतो. अजून विचार करताहेत. दर रविवारी आमचा या विषयावर फोन होतो आणि हल्ली ते निम्मं अहिराणीत भांडतात. मीही ‘मले पटत नाही’ असं स्पष्ट सांगते. निघताना प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळालं. माझ्या प्रमाणपत्रावर ‘श्रोता म्हणून उपस्थित’ असं लिहिलंय. सतरा मिनिटं बोललेली त्या दिवशीची मी एकमेव श्रोता असेन.

ज्योत्स्नाताईंनी हा सगळा प्रकार फोनवर टिपला होता. त्यात अर्धा वेळ त्यांचा अंगठा दिसतो, पण आवाज स्वच्छ आहे. त्यांनी तो जाऊबाईंना पाठवला, जाऊबाईंनी बहिणीला, आणि बहिणीने सगळ्यांना. नवव्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर अनोळखी क्रमांकावरून आवाजाचा निरोप आला. आई तेव्हा आमच्याकडेच होती, मेथी निवडत.

“रूपालीताई, मी उषा भिरूड,” तो आवाज म्हणाला. “तुमचा प्रश्न पूर्ण ऐकला. दोन गोष्टी सांगते. मोलकरणी एकोणीस नाही, एकवीस. दोघी संकलनात कापल्या गेल्या, त्या कुणाला दिसल्या नाहीत. आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हाव, आहे गंभीर’ असं आहे. आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना विचारा, अक्का बरी जमली होती का?”

आईने मेथी बाजूला सारली. “कुठी दाबाचं असते?” तिने विचारलं. मी बटण दाखवलं. मला वाटलं, ती आशीर्वाद देईल.

“उषा, पोरी, अक्का चांगली केली तू,” आई म्हणाली. “पन सांगाचं झालं तं बरंच हाये.” आणि तिने मुद्दे सांगायला सुरुवात केली. मी मध्ये बोलले नाही. एकूण अकरा मुद्दे झाले. चौथा मुद्दा असा, की सासू शिव्या देताना डोक्यावरचा पदर सावरते. राग आलेल्या बाईला पदर आठवत नाही, तव्हा एक तं राग खोटा नाहीतं पदर.

दुपारी मुंबईहून एक ओळ आली. ‘चौथा मुद्दा करून दाखवाल का? शनिवारी नशिराबादला येते.’

आईने ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग तिने पदर खांद्यावरून घेतला, डोक्यावर ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि शेजारीपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात शिव्यांची तयारी सुरू केली.